कायदा बरोबर, संसार मागे

जालना जिल्ह्यातील परतूर हे गाव आज तालुक्याची कचेरी, रेल्वेचे स्थानक आणि आठवड्याचा बाजार यांमुळे ओळखले जात असले, तरी मराठ्यांच्या इतिहासात त्याचे नाव एका प्रस्थानाशी कायमचे जोडले गेले आहे. उदगीरच्या मोहिमेत निजामाचा पाडाव करून विसावलेल्या पेशव्यांच्या छावणीत उत्तरेकडील अरिष्टाची खबर येऊन पोचली, मसलती झाल्या, आणि १४ मार्च १७६० रोजी सदाशिवरावभाऊ या परतुराहूनच हिंदुस्थानाकडे निघाले. त्या फौजेबरोबर भाऊसाहेबांच्या पत्नी पार्वतीबाई होत्या, सरदारांचे कबिले होते, आणि फौजेच्या आश्रयाने उत्तरेची तीर्थे घडतील या श्रद्धेने निघालेले यात्रेकरूही होते. पानिपतावर काय झाले ते सांगावयास नको. पार्वतीबाई परतल्या, भाऊसाहेब परतले नाहीत, आणि पती रणात पडल्याच्या वार्तेवर विश्वास न ठेवता त्या माउलीने उरलेले आयुष्य पुण्यात कंठिले.

फौजेबरोबर संसार नेल्याचे हे एक टोक झाले. दुसरे टोक याहून जुने आहे. कृष्णाजी अनंत सभासदाने आपल्या बखरीत शिवछत्रपतींच्या लष्कराचे जे कानू नमूद केले आहेत, त्यांत फौजेत स्त्री बरोबर असू नये असा सक्त निर्बंध असून तो मोडणाऱ्यास देहान्ताची शिक्षा सांगितलेली आहे. एका शतकाच्या आत मराठी फौजेने हे दोन्ही शिरस्ते पाहिले, आणि इतिहासकारांनी शिवकालीन निर्बंधाची स्तुती व पानिपताच्या शिरस्त्याची निंदा केली. ती योग्यही असेल. तथापि या दोन टोकांच्या मध्ये जो प्रश्न उरतो, म्हणजे मोहिमेवर जाणाऱ्या माणसाच्या नव्या संसाराचे काय करावयाचे, तो अडीचशेहून अधिक वर्षांनंतर याच जिल्ह्यातील एका घरात, अगदी निराळ्या वेषात, माझ्या पुढ्यात येऊन बसला.

गेल्या उन्हाळ्यात माझी भाची, जिने कायद्याची पदवी नुकतीच उत्तम गुणांनी संपादन केली आहे, एक जाहिरात हाती घेऊन आली. ती जाहिरात भूसेनेच्या जज्ज अॅडव्होकेट जनरल शाखेची, म्हणजे लष्करातील लोक ज्या शाखेस थोडक्यात ‘जॅग’ म्हणतात तिची होती. मी आयुष्यभर जालन्याच्या न्यायालयात दिवाणी दावे चालविले. लष्करी कायद्याशी माझा संबंध आला तो अपवादानेच. “मामा,” ती म्हणाली, “यात लिहिले आहे ते खरेच तसे आहे का, एवढे तुम्ही वाचून सांगा.” तिच्या मागोमाग माझी बहीण आत आली आणि उंबऱ्यातच म्हणाली, “दादा, पोरीचं जमलेलं मोडू नकोस.”

जमलेले होते ते अंबडकडील एका सुशील, कर्त्या मुलाशी. तो जर्मनीत श्टुटगार्ट येथे मोटारींच्या उद्योगात अभियंता आहे. त्याच्या घरच्यांची अपेक्षा, जी आपल्याकडील कोणत्याही घराची असते तीच, म्हणजे लग्न व्हावे, मुलीने पतीबरोबर जावे, आणि परदेशात दोघांनी नवा संसार उभा करावा अशी होती. जाहिरातीत मात्र, कायद्याच्या पदवीस किमान ५५ टक्के गुण असावेत, वय २१ ते २७ वर्षांचे असावे, पदव्युत्तर क्लॅट परीक्षेचे गुण असावेत, या अटींच्या बरोबरीनेच एक अट अशी होती की उमेदवार, पुरुष असो वा स्त्री, अविवाहित असला पाहिजे. निवड होऊनही जो प्रशिक्षणापूर्वी विवाह करील त्यास प्रशिक्षणास घेतले जाणार नाही, आणि जो प्रशिक्षणाच्या मुदतीत विवाह करील त्यास काढून टाकून सरकारने त्याच्यावर केलेला खर्च वसूल केला जाईल.

मी ती अट दोनदा वाचली. कायद्याचा पाच वर्षांचा अभ्यासक्रम पुरा करणारी मुलगी तेविसाव्या वर्षी मोकळी होते, तीन वर्षांचा करणारी चोविसाव्या. सत्तावीस ही कमाल मर्यादा धरली, तर या नोकरीचे दार तिच्यासाठी तीन-चार वर्षेच उघडे असते, आणि मराठवाड्यातील सुशिक्षित घरांत मुलीच्या लग्नाची बोलणी ज्या वर्षांत चालतात ती वर्षे नेमकी हीच होत. जाहिरात लिहिणाऱ्याने हा विचार केला असेल असे नाही. परंतु ज्या घरात मुलगी आहे त्या घरास तो करावाच लागतो.

या अटीचा इतिहास लक्षात ठेवण्यासारखा आहे. सेनेत स्त्री अधिकाऱ्यांची भरती १९९२ मध्ये निवडक शाखांत सुरू झाली, आणि जॅग ही त्या पहिल्या शाखांपैकी एक. तेव्हापासून बराच काळ या शाखेत विवाहित पुरुषास प्रवेश होता, विवाहित स्त्रीस नव्हता. दिल्ली उच्च न्यायालयापुढे या भेदास आव्हान दिले गेले, आणि २०१७ मध्ये सरकारने तो दूर केला. पण दूर केला तो स्त्रीस मोकळीक देऊन नव्हे, तर पुरुषासही तीच अट लावून. प्रशिक्षण खडतर असते, विवाह आणि त्याची स्वाभाविक परिणती त्यात विघ्न आणते, असे सरकारचे म्हणणे होते. चेन्नईच्या अधिकारी प्रशिक्षण अकादमीतील ४९ आठवड्यांचे ते प्रशिक्षण खडतर असते यात संशय नाही. परंतु समता साधण्याचा हा मार्ग मला वकील म्हणून कधीच पटला नाही. दोन भावांपैकी एकास वाटणी नाकारली म्हणून दावा यावा, आणि न्यायाधीशाने दुसऱ्याचीही वाटणी काढून घेऊन दावा निकालात काढावा, तसे हे झाले.

लष्कर आणि विवाह यांच्या या प्रश्नामागे जालन्याचा स्वतःचा असा एक धागा आहे, आणि तो सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. याच जिल्ह्यातील भोकरदन तालुक्यात, केळना आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात, २३ सप्टेंबर १८०३ रोजी असईची लढाई झाली व दौलतराव शिंदे आणि रघूजी भोसले यांच्या फौजांना इंग्रज सेनापती वेलस्लीपुढे माघार घ्यावी लागली. पुढे १८२७ मध्ये जालना शहरालगत छावणी वसली, आणि निजामाच्या खर्चाने पोसलेल्या पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखालील हैदराबाद कंटिंजंटच्या पलटणी तेथे राहत असत. १९०३ मध्ये ती फौज हिंदुस्थानच्या सेनेत विलीन झाली आणि जालन्याचे लष्करी महत्त्व ओसरले. त्या छावणीतील गोऱ्या अधिकाऱ्याच्या दृष्टीने जालना हा परदेश होता. विलायतेहून नव्याने लग्न होऊन आलेली त्याची पत्नी कुंडलिकेच्या काठी, उन्हाळ्याच्या धगीत, ज्या संसाराची मांडामांड करीत असे तो परदेशातील नवपरिणीत संसारच होता. आणि त्या संसारावरही लष्कराचा अंकुश असे. सामान्य गोऱ्या शिपायांपैकी ठरावीक संख्येलाच पलटणीच्या परवानगीने लग्न करता येई. अशा बायकांची नावे पलटणीच्या पटावर चढत, त्यांना राहावयास जागा आणि शिधा मिळे, आणि परवानगीवाचून लग्न करणाऱ्याची बायको पटाबाहेर राही. पटाबाहेरच्या स्त्रीचे अस्तित्व लष्कराच्या दप्तरी नसेच. कोणता विवाह दप्तरास दिसावा आणि कोणता दिसू नये, हे ठरविण्याची लष्कराची सवय इतकी जुनी आहे.

भाचीला मी प्रथम हे काम काय असते ते नीट समजावून घेण्यास सांगितले, कारण जाहिरातीतील गणवेषाच्या चित्रावरून ते समजत नाही. १९५० चा सेना अधिनियम त्याच वर्षी २२ जुलैपासून अमलात आला. १९११ च्या जुन्या कायद्याची जागा त्याने घेतली. त्या अधिनियमान्वये भरणाऱ्या जनरल कोर्ट मार्शलमध्ये किमान पाच अधिकारी न्यायासनावर बसतात. ते पायदळाचे असतील, तोफखान्याचे असतील, रसदखात्याचे असतील. कायद्याचे पदवीधर असतीलच असे नाही. म्हणून प्रत्येक जनरल कोर्ट मार्शलमध्ये एक जज्ज अॅडव्होकेट उपस्थित असलाच पाहिजे असे कायदा सांगतो. हा अधिकारी मत देत नाही, दोषी-निर्दोषी ठरवीत नाही. परंतु पुरावा ग्राह्य कोणता व अग्राह्य कोणता, आरोपाचे घटक कोणते, सिद्धतेचा भार कोणावर, हे तो न्यायासनास उघड न्यायालयात सांगतो आणि शेवटी साऱ्या प्रकरणाचा उपसंहार करतो. न्यायासनावर बसलेला अध्यक्ष हुद्द्याने त्याच्याहून कितीतरी वरचा असू शकतो. तरुण मेजराने कर्नल-ब्रिगेडियरांसमोर उभे राहून ‘हा पुरावा आपणांस विचारात घेता येणार नाही’ असे सांगावयाचे असते. आमच्या दिवाणी न्यायालयात वकिलास न्यायाधीशाशी मतभेद दाखविण्याची सवलत असते, पण तेथून उठून त्याच न्यायाधीशाकडे वार्षिक गोपनीय अहवालाच्या अपेक्षेने पाहावे लागत नाही. शिवाय कोर्ट मार्शलचा निकाल अधिकृत अधिकाऱ्याने कायम केल्याखेरीज अमलात येत नाही, आणि त्या टप्प्यावरही कागद पुन्हा या शाखेकडेच अभिप्रायासाठी येतो. २००७ च्या अधिनियमाने निर्माण झालेले आणि २००९ मध्ये सुरू झालेले सशस्त्र सेना न्यायाधिकरण आल्यापासून या अभिप्रायांची छाननी बाहेरच्या न्यायासनापुढेही होऊ लागली आहे. महाराष्ट्रातील माणसास त्यासाठी मुंबईच्या खंडपीठाकडे जावे लागते.

या शाखेचे अध्यापनस्थान आपल्याच राज्यात, नागपूरजवळ कामठीला आहे. कामठीची छावणी १८२१ ची, म्हणजे जालन्याच्या छावणीहून थोडी वडील. तेथील लष्करी विधी संस्थेत या शाखेचे अधिकारी शिकतात, आणि तेथून श्रीनगर, तेजपूर, जोधपूर, जेथे दप्तर असेल तेथे रुजू होतात.

या दप्तराची आणखी एक बाजू आहे, आणि ती मला माझ्याच अज्ञानातून कळली. वीस-बावीस वर्षांपूर्वी मंठा तालुक्यातील एक तरुण स्त्री माझ्याकडे आली. तिचा पती सैन्यात जवान होता. पोटगीचा हुकूमनामा तिला दिवाणी न्यायालयातून मिळाला होता, पैसा मात्र मिळत नव्हता. मी नेहमीच्या शिरस्त्याप्रमाणे पगाराच्या जप्तीची दरखास्त तयार केली, आणि ती फेटाळली गेल्यावर सेना अधिनियमाचे कलम २८ प्रथम उघडून वाचले. दिवाणी वा महसुली न्यायालयाच्या हुकमाने सैनिकाच्या वेतनावर जप्ती आणता येत नाही, असे ते कलम सांगते. दोष माझा होता. त्या बाईचे चार महिने माझ्या अज्ञानात गेले. पुढे समजले की कायद्याने एक दार बंद करताना दुसरे उघडे ठेवले आहे: पत्नीच्या व मुलांच्या पोषणासाठी वेतनातून कपात करण्याचा अधिकार लष्करी अधिकाऱ्यास आहे, अधिकाऱ्यांच्या बाबतीत कलम ९० खाली आणि इतरांच्या बाबतीत कलम ९१ खाली. अर्ज तेथे करावयाचा असतो. तो अर्ज युनिटमधून वर जातो, पतीची कैफियत घेतली जाते, आणि कायद्याचा प्रश्न उद्भवला तर कागद जॅग शाखेच्या मेजावर येतो.

म्हणजे ज्याने आपल्या विवाहासाठी वर्षभर वाट पाहिलेली असते, ज्याची नवविवाहित पत्नी किंवा जिचा नवविवाहित पती शेकडो कोस दूर असतो, त्याच अधिकाऱ्याने दिवसभर इतरांच्या मोडक्या संसारांचे कागद वाचावयाचे असतात. हे मी भाचीला सांगितले तेव्हा ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “मामा, त्या बाईचं पुढे काय झालं?” कपात सुरू झाली, एवढेच मी सांगू शकलो. माझ्या मते तिने त्याच क्षणी निर्णय घेतला होता, जरी तो तिने घरात बोलून दाखविला तो पुष्कळ उशिरा.

आता परदेशाविषयी. सैनिकाचा कायदा देशाच्या सीमेवर थांबत नाही. अधिनियमाच्या कलम १२४ प्रमाणे त्याखालील अपराधाबद्दल कोठेही खटला चालविता येतो आणि कोठेही शिक्षा देता येते. इतकेच नव्हे, देशात असताना नागरिकाच्या खुनासारखा गुन्हा सैनिकाने केला तर तो सामान्य फौजदारी न्यायालयाकडे जातो, पण तोच गुन्हा भारताबाहेर घडला तर कोर्ट मार्शलच्या कक्षेत येतो. कलम ७० मध्ये हा अपवाद स्पष्ट शब्दांत आहे. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेतही हेच तत्त्व पाळले जाते. १९९० च्या नमुना करारानुसार शांतिसेनेतील सैनिकांच्या गुन्ह्यांवर अधिकार चालतो तो यजमान देशाचा नव्हे, त्यांना पाठविणाऱ्या देशाचा. काँगोत असो वा दक्षिण सुदानात, भारतीय सैनिक भारतीय कायदा पाठीवर घेऊनच वावरत असतो. संसार मात्र पाठीवर घेता येत नाही. शांतिसेनेच्या तुकड्यांत कुटुंब बरोबर नेण्याची मुभा नसते.

याचे मराठी वाचकाला जवळचे उदाहरण कोरियाचे आहे. १९५३ च्या शस्त्रसंधीनंतर मायदेशी परतण्यास नकार देणाऱ्या बावीस हजारांहून अधिक चिनी व कोरियन युद्धकैद्यांना सांभाळण्याची कामगिरी भारताकडे आली, आणि ‘कस्टोडियन फोर्स’चे नेतृत्व आपल्या कोल्हापूरकडील मेजर जनरल शंकरराव थोरात यांनी केले, तटस्थ राष्ट्रांच्या आयोगाचे अध्यक्ष जनरल थिमय्या होते. ती कामगिरी जितकी शस्त्राची होती त्याहून अधिक कायद्याची होती. कैद्यावर गोळी केव्हा झाडावी, त्याला त्याच्या इच्छेविरुद्ध व्याख्यानास बसविता येते का, तळातल्या तळात कैद्यांनी कैद्यांचे केलेले खून कोणत्या कायद्याखाली चालवावेत, हे सारे प्रश्न १९४९ चा जिनीव्हा करार एका हाती व सेना अधिनियम दुसऱ्या हाती धरून सोडवावे लागले. सप्टेंबरपासून फेब्रुवारीपर्यंतच्या त्या हिवाळ्यात, गोठलेल्या तंबूंत, काही हजार भारतीय सैनिक आणि अधिकारी घरापासून दूर होते. थोरातांनी पुढे आपल्या आत्मचरित्रात या दिवसांविषयी लिहिले आहे. त्या सैनिकांत किती नवे नवरे असतील याची नोंद कोणत्याही दप्तरात असणार नाही.

सारेच परदेशगमन इतके कठोर नसते. मेजर ज्योती शर्मा या परदेशी नियुक्त झालेल्या जॅग शाखेच्या पहिल्या स्त्री अधिकारी. सेशेल्स सरकारकडे लष्करी विधितज्ज्ञ म्हणून त्यांची नेमणूक झाली. हिंदी महासागरातील एका छोट्या बेटराष्ट्राला आपल्या सेनेचे कायदे घडविण्यास भारताची एक वकील अधिकारी लागावी, ही मला जालन्यात बसूनही अभिमान वाटावी अशी गोष्ट आहे. त्या एका नेमणुकीने माझ्या भाचीच्या मनातील नकाशा बदलला. तोपर्यंत परदेश म्हणजे श्टुटगार्ट, आणि तेथे जावयाचे ते कोणाची तरी पत्नी म्हणून, एवढेच तिला ठाऊक होते.

पण अभिमानाने गणित सुटत नाही, आणि बहिणीने मला नेमके गणितच विचारले. लष्करी अधिकाऱ्यास वर्षाकाठी ६० दिवसांची वार्षिक रजा आणि २० दिवसांची नैमित्तिक रजा मिळते. त्यांतली प्रत्येक रजा सेवेच्या सोयीनुसार, आणि परदेशी जावयाचे तर वेगळी पूर्वपरवानगी. वर्षातले ऐंशी दिवस सारेच्या सारे श्टुटगार्टला देता आले, माहेर, सासर, सण, आजारपण यांस एकही गेला नाही असे धरले, तरी नवे जोडपे वर्षातून नऊ महिने विभक्त राहणार. शॉर्ट सर्व्हिस कमिशनची मुदत दहा वर्षांची, तीत आणखी चार वर्षांची वाढ होऊ शकते. मी हे आकडे लपविले नाहीत. माझ्या मते वडीलधाऱ्यांनी मुलीस स्वप्न दाखवावयाचे असेल तर रजेच्या नियमांसह दाखवावे.

येथे कोणी म्हणेल की मग विवाहित स्त्रीने सेनेत जाऊच नये. हा युक्तिवाद आपल्या देशात सरकारी नियमांच्या भाषेतही पुष्कळ वर्षे वावरला. परराष्ट्र सेवेच्या नियमांत अशी तरतूद होती की स्त्री अधिकाऱ्याने विवाहापूर्वी सरकारची लेखी परवानगी घ्यावी, आणि विवाहानंतर तिच्या कौटुंबिक जबाबदाऱ्या कामाच्या आड येतात असे सरकारला वाटल्यास तिला राजीनामा देण्यास सांगता यावे. सी. बी. मुथम्मा, ज्या हंगेरीत राजदूत म्हणून जाऊन परराष्ट्र सेवेतील पहिल्या स्त्री राजदूत ठरल्या, त्यांनी १९७९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. दरम्यान सरकारने त्यांना बढती दिल्यामुळे अर्ज औपचारिकपणे निकालात निघाला, परंतु न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्या नियमातील पक्षपात असा उघडा पाडला की पुढे तो नियम टिकला नाही. संसार पुरुषालाही असतो, मग त्याच्या कार्यक्षमतेची शंका सरकारला का येत नाही, हा त्या निकालामागचा प्रश्न होता, आणि अद्याप त्याला कोणी उत्तर दिलेले नाही.

सेनेत हा नियम याहून निष्ठुर रूपाने नांदला. सिकंदराबाद, जे निजामाच्या राज्यात जालन्याप्रमाणेच छावणीचे गाव होते, तेथील लष्करी इस्पितळात सेलिना जॉन या लष्करी परिचर्या सेवेच्या अधिकारी होत्या. त्यांनी लष्करातीलच अधिकाऱ्याशी विवाह केला, आणि ऑगस्ट १९८८ मध्ये त्यांना कारणे दाखविण्याची संधीही न देता सेवेतून मुक्त करण्यात आले. आधार होता १९७७ च्या एका लष्करी आदेशाचा, ज्यात विवाह हे सेवा संपविण्याचे कारण मानले होते. तो आदेश १९९५ मध्ये मागे घेतला गेला, पण सेलिना जॉन यांचे गेलेले आयुष्य त्याने परत दिले नाही. त्या लढत राहिल्या. न्यायाधिकरणाने त्यांच्या बाजूने कौल दिला. आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही कृती ढळढळीत लिंगभेदाची ठरवून ६० लाख रुपयांची भरपाई देण्याचा हुकूम केला. सन १९८८ ते २०२४. छत्तीस वर्षे एका स्त्रीने, आपण लग्न केले हा अपराध नव्हता, एवढे सिद्ध करण्यात घालविली. त्या साऱ्या काळात सरकारच्या बाजूने मसुदे करणाऱ्यांत कायद्याचे जाणकारच होते, ही गोष्ट मला वकील म्हणून बोचते.

जॅग शाखेचा स्वतःचा निकाल ११ ऑगस्ट २०२५ रोजी लागला. या शाखेच्या एका तुकडीत पुरुषांसाठी सहा आणि स्त्रियांसाठी तीन जागा राखल्या होत्या. अर्शनूर कौर यांना ४४७ गुण मिळून त्या स्त्रियांच्या यादीत चौथ्या आल्या म्हणून वगळल्या गेल्या, तर पुरुषांच्या यादीत ४३३ गुणांवर निवड झाली. न्यायमूर्ती दीपंकर दत्ता आणि न्यायमूर्ती मनमोहन यांनी ही विभागणी घटनाबाह्य ठरविली आणि एकच सामाईक गुणवत्ता यादी करण्यास सांगितले. जॅगमध्ये स्त्रियांना कायम कमिशन मिळण्याची वाट २००८ मध्येच मोकळी झाली होती, इतर अनेक शाखांना ती २०२० च्या बबिता पुनिया निकालापर्यंत मिळाली नाही. तरीही न्यायाच्या शाखेत प्रवेशाचे माप दोन प्रकारचे होते. ते आता एक झाले. अविवाहितपणाची अट राहिली आहे.

त्या अटीबद्दल माझे मत मी येथे स्पष्ट नोंदवितो. प्रशिक्षणाच्या ४९ आठवड्यांत रजा नाही, सवलत नाही, गर्भारपणामुळे खंड पडल्यास पुढील तुकडीबरोबर यावे लागेल, अशा अटी घालण्याचा सेनेस पूर्ण अधिकार आहे, आणि त्या अटी विवाहित उमेदवारासही समजू शकतात. परंतु ज्यास पुढे इतरांच्या विवाहाचे, पोटगीचे, वारसाचे प्रश्न सोडवावयाचे आहेत, त्याच्या विवाहास प्रवेशद्वारातच अपात्रता मानणे मला न्याय्य वाटत नाही. केंद्राच्या नागरी सेवकांसाठी पती-पत्नीस शक्यतो एकाच ठिकाणी नेमावे अशा सूचना १९८६ पासून आहेत आणि २००९ मध्ये त्या अधिक आग्रहाने दिल्या गेल्या. अमेरिकेच्या भूसेनेत सैनिक जोडप्यांना जवळजवळ नेमणूक मिळावी यासाठी नोंदणीची स्वतंत्र योजनाच आहे. आपल्या सेनेतही अशी जोडपी आहेत, आणि त्यांच्यापैकी काहींनी अत्युच्च पद गाठले आहे: पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेल्या माधुरी कानिटकर २०२० मध्ये लेफ्टनंट जनरल झाल्या, त्यांचे पती राजीव कानिटकर हेही लेफ्टनंट जनरल. परंतु ही व्यवस्था दोघेही सेवेत असतील तेव्हा उपयोगी. ज्याचा जोडीदार खासगी नोकरीत परदेशी आहे, त्याच्यासाठी कोणत्याही दप्तरात रकाना नाही. सलग दोन वर्षे विभक्त राहिलेल्या अधिकाऱ्यास लांब मुदतीची एकत्रित रजा मागता यावी, आणि ती नाकारावयाची तर लेखी कारण द्यावे, एवढी एक तरतूद झाली तरी पुष्कळ संसार सावरतील. त्यासाठी खर्च फारसा नाही, इच्छा लागेल.

अंबडच्या घरी मी स्वतः गेलो. मुलाचे वडील शेतकरी आहेत. मोसंबीची बाग राखणारे, मितभाषी. त्यांनी सारे ऐकून घेतले, मग मुलाला दूरध्वनी लावला आणि माझ्यासमोरच बोलले. मुलाने पलीकडून जे सांगितले त्यात वक्तृत्व नव्हते. आपण स्वतः तीन वर्षे घराबाहेर आहोत, ती एक वर्ष चेन्नईला राहिली तर बिघडले काय, असे तो म्हणाला. आणि पुढे दोन-तीन वर्षांत पुण्यास किंवा चाकणला काम मिळते का ते आपण पाहू, तिनेच नोकरी सोडली पाहिजे असे थोडेच आहे, असेही म्हणाला. म्हाताऱ्याने फोन ठेवला आणि पाणी मागविले. मराठवाड्यातील वरपक्षाच्या बैठकीत नोकरी बदलण्याची भाषा मुलाच्या तोंडून मी प्रथमच ऐकत होतो, आणि माझ्या बहिणीच्या डोळ्यांना पाणी आले ते त्याचमुळे असावे.

ज्या घरांत कायदा शिकणारी मुलगी आहे, त्या जालना, अंबड, परतूर, भोकरदनच्या वडीलधाऱ्यांना माझी एवढीच विनंती आहे की, मुहूर्त काढण्यापूर्वी तिला एकदा तिच्या वयाचा आणि जाहिरातीच्या मुदतीचा हिशेब विचारा, आणि तो तिला बोलू द्या. आमच्या घरी तो हिशेब झाला आहे. अर्ज गेला आहे, निवड मंडळाच्या मुलाखतीचे पत्र यावयाचे आहे, आणि मंगल कार्यालय अद्याप कोणी ठरविलेले नाही.